क्रेडिट कार्ड आणि दारचा दलाल

बँकेच्या नांवानें दारीं येणारा गृहस्थ पुष्कळदां बँकेचा नोकर नसतो. जितकीं कार्डें खपतील, तितकें त्याचें कमिशन. आधार व पॅन यांच्या प्रती, पगाराचा दाखला आणि सही एकदां त्याच्या हातीं पडली, कीं त्याच कागदांवर दुसराही अर्ज भरतां येतो. म्हणून प्रत्येक प्रतीवर, मजकुराला छेदून, बँकेचें नांव, कारण व तारीख लिहावी. आधाराचे शेवटचे 4 अंक तेवढे दाखविणारी प्रतही मिळते, तीच बरी. ओटीपी तर मुळींच सांगूं नये. तो म्हणजे दुसरी सहीच होय. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणें, संमतीवांचून चालू केलेल्या कार्डावर आकारलेली रक्कम रद्द करून शिवाय तिच्या दुप्पट दंड बँकेनें ग्राहकास द्यावयाचा असतो. परंतु रकाने कोरे ठेवून अर्जावर सही केली असेल, तर संमती नव्हती हें दाखविणार कसें?