पार्सल गेलं, पण हातात काय उरलं?
छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांचे सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरी कुटलेला सावजी मसाला, भिवापुरी मिरचीची पूड, संत्रा बर्फी, तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी, गांधीबागेतून ठोक भावात आणलेल्या साड्या. नागपुरातली कितीतरी घरगुती दुकानं आता मोबाइलवरून चालतात. माल चांगला असतो, मेहनतही भरपूर असते. तरी महिन्याच्या शेवटी हाती पैसा उरत नाही. याचं कारण बरेचदा ऐकीव माहितीवर घेतलेले निर्णय असतात. विक्री किती झाली यापेक्षा, गिऱ्हाइकाकडे पोचलेल्या आणि परत न आलेल्या पार्सलमागे किती रुपये उरले, हा आकडा महत्त्वाचा. तो आकडा बिघडवणारे सात गैरसमज पाहू.

गैरसमज १ : जीएसटी क्रमांकाशिवाय ऑनलाइन विकताच येत नाही.

वस्तुस्थिती : अमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोसारख्या मंचांवर माल विकणाऱ्यांसाठी हा नियम १ ऑक्टोबर २०२३ पासून सैल झाला. सगळी विक्री मिळून वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल आणि माल महाराष्ट्रातच विकणार असाल, तर जीएसटी नोंदणी लागत नाही. पॅनच्या आधारे जीएसटी पोर्टलवर फक्त नावनोंदणी क्रमांक घ्यायचा. यातली दुसरी अट कडक आहे : राज्याबाहेर विक्री करायची नाही. नागपूरला ती विशेष जाणवते. सातशे किलोमीटरवरच्या पुण्याला पार्सल पाठवता येतं, पण सव्वाशे किलोमीटरवरच्या छिंदवाड्याला नाही. म्हणून आधी राज्यातल्या गिऱ्हाइकांवर माल पारखून घ्यावा आणि हैदराबाद, रायपूर, बंगळूरकडून मागणी दिसू लागली की नोंदणी करावी.

गैरसमज २ : मंच ‘टीसीएस’ आणि ‘टीडीएस’ कापतो, ते पैसे बुडाले.

वस्तुस्थिती : ही मंचाची फी नाही, तुमच्या नावावर सरकारजमा झालेला कर आहे. जीएसटीतला टीसीएस १० जुलै २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.५ टक्क्यावर आला. ती रक्कम पोर्टलवर स्वीकारली की तुमच्या रोख खात्यात जमा होते. वर सांगितलेल्या सवलतीखालच्या, नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून तो कापायचाच नसतो. आयकराचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आला आहे. व्यक्तिगत विक्रेत्याने पॅन किंवा आधार दिलेलं असेल आणि वर्षाची विक्री ५ लाखांपर्यंत असेल, तर तोही कापला जात नाही. कापला गेला असेल, तर विवरणपत्र भरून परत मागता येतो. अनेक जण विवरणपत्रच भरत नाहीत, आणि हक्काचे पैसे तसेच पडून राहतात.

गैरसमज ३ : शून्य कमिशन म्हणजे खर्च शून्य.

वस्तुस्थिती : मीशोने २०२१ मध्ये शून्य कमिशन सुरू केलं. अमेझॉनने एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांखालच्या कितीतरी वस्तूंवरचं कमिशन काढलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लिपकार्टने १,००० रुपयांखालच्या वस्तूंसाठी तशीच घोषणा केली. छोट्या विक्रेत्याला याचा खरा लाभ होतो. पण कमिशन हा खर्चाचा एक भाग झाला. पाठवणी, ठरावीक शुल्क, परतीचा खर्च आणि जाहिरात हे मंचानुसार उरतातच. शिवाय या सेवांवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे १०० रुपयांचं शुल्क ११८ रुपयांना पडतं. नियमित नोंदणी असलेल्याला हे १८ रुपये करातून वजा करता येतात. नोंदणी नसलेल्याला ते खिशातूनच भरावे लागतात. दर बदलत राहतात, म्हणून भाव ठरवण्याआधी त्या दिवशीचं रेट कार्ड पाहावं. भाव दरटप्प्याच्या सीमेजवळ असेल तर विशेष जपावं, कारण दहा रुपये वाढवले की कधी कधी त्याहून जास्त शुल्क वाढतं.

गैरसमज ४ : नागपूर देशाच्या मध्यभागी, म्हणून पाठवणी स्वस्तच पडते.

वस्तुस्थिती : बऱ्याच मंचांचे दर स्थानिक, विभागीय आणि देशभर अशा विभागांवर ठरतात. तिथे मध्यभागी असल्याचा खास फायदा होत नाही. स्वतः पार्सल पाठवताना मात्र तो होऊ शकतो. स्पीड पोस्टचे दर २००, ५००, १,००० आणि २,००० किलोमीटर अशा टप्प्यांनी वाढतात, आणि नागपूरहून देशातली बहुतेक मोठी शहरं २,००० च्या आत येतात. त्यामुळे खासगी कुरिअर ठरवण्याआधी पोस्टाचा दर विचारून घ्यावा.

खरी बचत खोक्याच्या मापात आहे. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागलं की आकारमानाचं वजन निघतं. हे आणि काट्यावरचं वजन यांपैकी जे जास्त, त्यावर सामान्यतः आकारणी होते. सव्वा किलोचा नंदी ३० × २५ × २० च्या खोक्यात घातला, तर आकारणी ३ किलोची. चाकं सुटी करून तोच ३० × २० × १५ मध्ये बसवला, तर १.८ किलोची. लाकूड तेच, कारागिरी तीच, खर्च मात्र कमी.

गैरसमज ५ : जास्त ऑर्डर म्हणजे जास्त नफा.

वस्तुस्थिती : एक हिशेब उदाहरणादाखल मांडू. शंभर पार्सलं पाठवली. पोचलेल्या प्रत्येक पार्सलमागे ६० रुपये उरतात आणि परत आलेल्या प्रत्येकामागे जाण्यायेण्याचे, पॅकिंगचे मिळून १२० रुपये जातात. वीस परत आली, तर ४,८०० मधून २,४०० गेले आणि २,४०० उरले. परती दहावर आणली, तर उरतात ४,२००. परतीचं प्रमाण तेच ठेवून एवढे पैसे मिळवायचे, तर पावणेदोनशे पार्सलं पाठवावी लागतील.

परती कमी करण्याचे उपाय साधे आहेत. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, म्हणजे साडीचा रंग खरा दिसेल. वस्तूशेजारी पट्टी ठेवून एक फोटो द्या. थेट विक्रीत रोखीच्या ऑर्डरला पाठवण्याआधी फोन करून पत्ता आणि पिनकोड पक्का करा, आणि यूपीआयने आगाऊ पैसे देणाऱ्याला थोडी सूट द्या. पार्सल भरतानाचा आणि परत आलेलं उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा. चुकीची वस्तू परत आली, तर दाव्याला तोच पुरावा.

गैरसमज ६ : भाव पाडला की विक्री वाढते.

वस्तुस्थिती : आधी वस्तू सापडली पाहिजे. ‘सुंदर शोपीस’ असं नाव दिलेला नंदी कुणाला सापडणार? नावातच ‘लाकडी नंदी बैल, तान्हा पोळा, उंची २० सेंमी’ असं लिहा, इंग्रजी आणि हिंदी नावंही जोडा. पुण्या-मुंबईत स्थिरावलेलं वैदर्भीय कुटुंब लेकरासाठी नेमकं हेच शोधतं. वेळही साधायला हवी. राखीपौर्णिमेनंतर पंधरवड्याने पोळा येतो आणि दुसऱ्याच दिवशी तान्हा पोळा. म्हणून राखीच्या आधी फोटो, माल आणि खोकी तयार हवीत. ऐन पोळ्याला दिलेली सूट वाया जाते, कारण तोवर पार्सल पोचतच नाही.

गैरसमज ७ : व्हॉट्सअॅपवर विकलं की ना फी, ना नियम.

वस्तुस्थिती : फी खरंच कमी पडते. बँक खात्यातून थेट होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्क नाही, आणि व्हॉट्सअॅप बिझनेसवरचा कॅटलॉगही मोफत आहे. नियम मात्र सुटत नाहीत. मसाला, लोणचं, बर्फी घरून विकली तरी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) नोंदणी हवी. बंद पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, बनवल्याची तारीख, बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता हवा. भिवापुरी मिरची आणि नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा दुसरीकडचा माल त्या नावाने विकणं हा कायद्याचा भंग आहे आणि त्या शेतकऱ्यांवर अन्यायही.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगा : पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. मोठ्या ऑर्डरचं आमिष दाखवून कुणी पिन टाकायला किंवा क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितलं, तर फोन ठेवा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

महिन्यातून एकदा मंचावरून सेटलमेंटचा तक्ता उतरवून घ्या आणि प्रत्येक वस्तूसमोर चार आकडे लिहा : खात्यात आलेली रक्कम, मालाची किंमत, पॅकिंग, परतीचा खर्च. पहिल्यातून बाकीचे तीन वजा करून पोचलेल्या नगांनी भागा. ज्या वस्तूत काहीच उरत नाही, तिचा भाव, खोकं किंवा फोटो बदला. तरीही जमलं नाही, तर ती बंद करा. या कामात घरातल्या बायकांचे, कारागिरांचे आणि विणकरांचे कष्ट आहेत. त्यांचं मोल त्यांच्या पदरात पडावं, म्हणून हा तास दर महिन्याला काढायलाच हवा.