नोंदवहीतून उलगडलेली नागीण

घरातील एखाद्या वृद्धाच्या बरगडीवर वा कमरेवर एका बाजूने पाण्याचे फोड उठतात, अंगाची आग होते आणि ‘नागीण झाली’ असे निदान शेजारीपाजारीच करून टाकतात. पाठोपाठ भीतीही येते: तिचे तोंड आणि शेपूट जुळले, तर रोगी वाचत नाही! नवल असे, की इंग्लंडमध्येही पूर्वी अशीच समजूत होती. कमरेभोवती वेढा पुरा झाला की मरण ओढवते, असे तेथील लोकही मानीत. या व्याधीचे कोडे उलगडण्यात मोठा वाटा उचलला तो त्याच देशातील एका लहान गावच्या डॉक्टरांनी, आपल्या दवाखान्यात बसून.

डॉ. एडगर होप-सिम्पसन यांचा जन्म १९०८ सालचा. दुसऱ्या महायुद्धानंतर ते सायरन्सेस्टर या गावी वैद्यकीय व्यवसाय करू लागले. सुमारे साडेतीन हजार लोकांचे आरोग्य त्यांच्या हाती होते. चोख व्यापाऱ्याने रोजमेळ मांडावा, तशा निष्ठेने त्यांनी प्रत्येक आजाराची नोंद ठेवली. रुग्ण कोण, वय किती, फोड कोठे उठले, घरात त्याआधी कोणाला काय झाले होते, यांतील काहीही त्यांनी सोडले नाही.

कांजिण्या आणि नागीण यांचा काही संबंध असावा, अशी शंका जुनी होती. घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की मागोमाग लहान मुलाला कांजिण्या येतात, हे हंगेरीतील बोकाई या वैद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच टिपले होते. पुढे अमेरिकेत थॉमस वेलर यांनी दोन्ही विकारांतील विषाणू प्रयोगशाळेत वाढवून ते एकच असल्याचे दाखविले. हा हर्पिस कुळातील विषाणू. तरीही प्रश्न उरलाच: कांजिण्या झाल्यानंतर पन्नास-साठ वर्षांनी नागीण येते कोठून? बाहेरून, की आतून?

उत्तरासाठी होप-सिम्पसन १९५३ साली स्कॉटलंडच्या उत्तरेकडील येल या दूरस्थ बेटावरही गेले. मोजक्या वस्तीत रोगाचा माग काढणे सोपे जाते. परंतु खरा आधार ठरली ती घरची नोंदवही. सोळा वर्षांत तिच्यात नागिणीचे १९२ रुग्ण जमले. त्यांची खतावणी मांडताच चित्र स्पष्ट झाले. कांजिण्यांची साथ येई नि जाई, नागीण मात्र ऋतू वा साथ न पाहता वर्षभर विखुरलेली आढळे. वयोमानानुसार मात्र तिचे प्रमाण चढत जाई. सरासरी दरवर्षी हजारी तीन-चार जणांना होणारा हा विकार ऐंशी वर्षांपुढे हजारी दहांना होई.

१९६५ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीर सोडून जात नाही. तो मज्जारज्जूलगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत निद्रिस्त राहतो. शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावर पहारा ठेवते. वार्धक्याने वा आजाराने हा पहारा ढिला पडला, की तो जागा होऊन त्याच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर उतरतो. प्रत्येक मज्जातंतूचे क्षेत्र शरीराच्या एकाच बाजूचे असल्याने फोडांचा पट्टाही सहसा मध्यरेषेपाशी थांबतो. तोंड-शेपटीची भीती निराधार ठरते ती येथेच.

दोन दशकांनी प्रयोगशाळांनी साक्ष दिली. मज्जातंतूंच्या गाठींत विषाणूचे अंश सापडले. १९८४ साली एकाच रुग्णाच्या कांजिण्यांतील आणि नंतरच्या नागिणीतील विषाणू ताडून पाहिले गेले. ते एकच निघाले. पहारा पुन्हा बळकट करणारी लसही ज्येष्ठांसाठी पुढे आली. अमेरिकेत तिला २००६ साली मान्यता मिळाली. होप-सिम्पसन यांचे निधन २००३ सालचे. ती पाहण्यास ते उरले नव्हते.

या शोधाचा उपयोग प्रत्येक घराला आहे. नागीण दिसताच लेप लावून वाट पाहू नये. विषाणूरोधक औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरते. डोळ्याजवळ फोड आल्यास तर क्षणाचाही विलंब नको. फोड सुकेपर्यंत तान्ही बाळे आणि कांजिण्या न झालेल्या गर्भवती यांना रुग्णापासून दूर ठेवावे. रुग्णाच्या मनातील मरणाची धास्ती मात्र पहिल्याच दिवशी दूर करावी.