पंप तोच, श्वास कोणाचा?

चाकण-भोसरीच्या ओतशाळांत किंवा ग्राइंडिंग खात्यात हयात घालवलेल्या कामगारांना, तसेच आसपासच्या गावांत चुलीच्या धुरात वर्षे काढलेल्या बायकांना उतारवयात अनेकदा धाप लागू लागते. सी.ओ.पी.डी. या रोगात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. त्याचे कारण विडी-सिगारेटच असते असे नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांमधील या रोगावरच लेख लिहिला होता.

यावर डॉक्टर 'पंप' देतात. १९५६ साली अमेरिकेत आलेल्या पंपाच्या डबीत औषधाबरोबर दाबाखालचा वायू असतो. डबी दाबली की फवारा आपोआप उडतो. दुसऱ्या प्रकारात नुसती कोरडी पूड असते, आपल्याकडे बहुधा कॅप्सूलमध्ये. ही पूड उडवायची रुग्णाने, स्वतःच्या श्वासाने!

गोम इथेच आहे. फुप्फुसात खोलवर पोचायला औषधाचे कण १ ते ५ मायक्रॉनचे हवेत. इतके बारीक कण गुठळ्या करतात, म्हणून त्यांना दुग्धशर्करेच्या मोठ्या कणांवर बसवतात. हवा जोरात ओढली की आत भोवरे उठतात आणि औषध सुटे होते. जोर कमी पडला तर ते शर्करेसकट घशात अडकते आणि गिळले जाते. कॅप्सूल तर रिकामी दिसते, मग औषध लागू का पडत नाही हे कोणालाच कळत नाही.

अशा बहुतेक इनहेलरांना मिनिटाला निदान ३० लिटर, कित्येकांना ६० लिटर वेगाने हवा ओढावी लागते. ६० लिटर म्हणजे सेकंदाला पाण्याची एक बाटलीभर हवा. धडधाकट माणसाला हे सहज जमते. पण या रोगात फुप्फुसात हवा कोंडून राहते, श्वासपटल खाली दाबले जाऊन सपाट होते आणि त्याची ओढ कमी होते.

वर्गात एक बारीक आणि एक जाड स्ट्रॉ द्या. दोन्हींतून सारख्याच जोराने हवा ओढायला सांगा. बारीक स्ट्रॉतून हवा कमी येते. इनहेलरांच्या आतल्या वाटाही अशाच कमी-अधिक अरुंद असतात. मात्र अरुंद वाट वाईटच असे नाही, तिच्यात कमी वेगालाही भोवरे चांगले उठतात.

दवाखान्यातला नेहमीचा पीक फ्लो मीटर फुंकण्याचा वेग मोजतो. त्यावरून ओढण्याचा जोर नेमका कळत नाही. त्यासाठी वेगळी साधी नळी मिळते. तिचा अडथळा हव्या त्या इनहेलरइतका ठेवून हवा ओढायची, की काटा वेग दाखवतो. वेग अपुरा निघाला तर फवाऱ्याचा पंप स्पेसर लावून देता येतो. फवारा त्या पोकळ नळकांड्यात क्षणभर थांबतो आणि रुग्ण सावकाश, खोल श्वासाने तो ओढून घेतो. तेही न झेपणाऱ्यांसाठी नेब्युलायझर असतोच.