पडद्यावरची शिल्लक आणि हाती येणारा पैसा

ऑनलाइन पोकर खेळणाऱ्याला मोबाइलच्या पडद्यावर जी शिल्लक दिसते, ती व्यवहाराच्या दृष्टीने त्या कंपनीने त्याला द्यायचे देणे असते. बँकेतील ठेवीमागे रिझर्व्ह बँकेची देखरेख आणि पाच लाख रुपयांपर्यंतचे ठेव विम्याचे संरक्षण असते, परंतु पोकरच्या शिलकीमागे कंपनीचा प्रामाणिकपणा आणि तिची पैसे चुकते करण्याची ऐपत याखेरीज फारसे काही नसते. बाळकुम, कोलशेत, ढोकाळी या ठाण्याच्या जुन्या गावांभोवती उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांत काय किंवा कल्याण-डोंबिवलीच्या चाळींत काय, यूपीआयमुळे खात्यात पैसे भरणे क्षणाचे काम झाले. मात्र जिंकलेले पैसे काढून घेणे, म्हणजे खेळाडूंच्या बोलीत ‘विड्रॉल’, हा तितकाच सोपा व्यवहार कधीच नव्हता, आणि 2025 च्या केंद्रीय कायद्यानंतर त्याचे स्वरूप मुळापासून बदलले आहे.

पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध पैसे लावतात आणि साइट प्रत्येक डावातील रकमेचा लहानसा हिस्सा ‘रेक’ म्हणून कापून घेते. एकाचा तोटा हाच दुसऱ्याचा नफा असल्यामुळे, खेळाडूंनी भरलेला पैसा कंपनीने आपल्या खर्चाच्या पैशापासून वेगळ्या खात्यात ठेवला, तर सर्वांनी एकाच दिवशी विड्रॉल मागितला तरी तो देता यायला हवा. अडचण येते ती हे दोन पैसे एकत्र मिसळले जातात तेव्हा, आणि याचे सर्वांत ठळक उदाहरण फुल टिल्ट पोकर या साइटचे आहे. अमेरिकेच्या न्याय विभागाने 15 एप्रिल 2011 रोजी पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अॅब्सोल्यूट पोकर या साइट्सवर कारवाई केली, तेव्हा फुल टिल्टवर खेळाडूंचे सुमारे 39 कोटी डॉलरचे देणे असताना तिच्या बँक खात्यांत जेमतेम 6 कोटी डॉलर शिल्लक असल्याचे सरकारी वकिलांनी नंतर न्यायालयात मांडले. पोकरस्टार्सने 2012 मध्ये सरकारशी तडजोड करून फुल टिल्टची मालमत्ता घेतली म्हणून खेळाडूंना पैसे मिळण्याचा मार्ग खुला झाला, तरीही अमेरिकी खेळाडूंच्या हाती पहिली रक्कम पडायला 2014 साल उजाडले.

भारतात विड्रॉल अडकण्याची किंवा रक्कम अपेक्षेपेक्षा कमी येण्याची नेहमीची कारणे याहून साधी होती. पॅन कार्डवरील नाव आणि बँक खात्यावरील नाव जुळत नसेल, एकाच व्यक्तीने दोन खाती उघडली असतील किंवा ठरावीक रकमेचे डाव खेळल्याशिवाय न सुटणारा बोनस शिलकीत मिसळलेला असेल, तर पैसे थांबत असत. याशिवाय 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात 2023 साली घातलेल्या कलम 194 बीएनुसार, 1 एप्रिल 2023 पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर कंपनीनेच उगमस्थानी कापून घेणे बंधनकारक झाले. वर्षभरात 20 हजार रुपये भरून 50 हजार काढणाऱ्याची निव्वळ कमाई 30 हजार धरली जाते, त्यावर 9 हजारांचा कर कापला जातो आणि हातात 41 हजार येतात. पैसे न काढता खात्यातच ठेवले, तरी आर्थिक वर्षाच्या अखेरीस उरलेल्या शिलकीवर हाच हिशेब लागू होतो. त्यामुळे खेळाडूला न विचारता शिल्लक कमी झाल्याच्या अनेक तक्रारींमागे फसवणूक नसून हा कर असू शकतो.

कंपनीने खरोखरच पैसे नाकारले तर दाद कोठे मागावी, हा प्रश्न मात्र महाराष्ट्रात जुना आणि अवघड आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो आणि जिंकलेली रक्कम वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही. मुंबई इलाख्यासाठी 1865 मध्ये केलेल्या कायद्याने तर पैजेला पूरक असलेले करारही निरर्थक ठरवले होते. साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या नावाने मुंबईत फोफावलेला मटका म्हणूनच निव्वळ बुकीच्या शब्दावर चालत असे. पोकरच्या समर्थकांचे म्हणणे असे की हा कौशल्याचा खेळ असल्याने त्याला जुगाराचे नियम लागू होत नाहीत. नागालँडने 2016 च्या आपल्या कायद्यात पोकरला कौशल्याचा खेळ मानले, तर गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्याला नशिबाचा खेळ ठरवले.

संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने हा भेदच बाजूला सारला. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या या कायद्यानुसार खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, जिंकण्याच्या अपेक्षेने पैसे लावून तो ऑनलाइन खेळवणे हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा खेळांसाठी पैशांची देवाणघेवाण करून देण्यासही मनाई आहे, खेळणाऱ्याला मात्र या कायद्याने शिक्षा ठेवलेली नाही. पोकरबाजी, अड्डा52 यांसारख्या देशी मंचांनी पैशांचे डाव थांबवले आणि उरलेली शिल्लक परत नेण्यास खेळाडूंना सांगितले. हे सर्वत्र सुरळीत झाले असे नाही: नोव्हेंबर 2025 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने विन्झो आणि पॉकेट52 या मंचांशी संबंधित कंपन्यांवर छापे घातले, तेव्हा बंदीनंतरही खेळाडूंचे पैसे रोखून धरल्याचा आरोप केला, विन्झोच्या बाबतीत ही रक्कम सुमारे 43 कोटी रुपये असल्याचे संचालनालयाचे म्हणणे होते. या कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

देशी दारे बंद झाल्यावर परदेशातून चालणाऱ्या साइट्सकडे वळणाऱ्यांची स्थिती सर्वांत बिकट असते. अशा साइट्सना भारतीय बँकांमार्फत उघडपणे व्यवहार करता येत नसल्याने पैसे बऱ्याचदा भाड्याने घेतलेल्या, भलत्याच माणसांच्या नावावरील खात्यांतून फिरवले जातात. त्याच खात्यात एखाद्या सायबर फसवणुकीचा पैसा आलेला असेल, तर पोलीस तपासात पैशाचा माग काढत पुढच्या खात्यांपर्यंत पोहोचतात आणि विड्रॉल मिळालेल्या खेळाडूचे पगाराचे खातेही गोठवले जाऊ शकते. ज्या राज्यात तक्रार नोंदली गेली तेथील पोलिसांशी पत्रव्यवहार करून ते सोडवून घेण्यात मग महिने जातात. दुसरा सापळा आगाऊ कराचा आहे: विड्रॉल मंजूर झाला, पण त्याआधी कर किंवा प्रक्रिया शुल्क म्हणून अमुक रक्कम भरा, असा निरोप येतो आणि ती भरल्यावर नवी मागणी येते. हा कर कंपनीने देय रकमेतूनच कापायचा असतो, खेळाडूने आधी कोणाच्या खात्यात भरायचा नसतो, हे लक्षात ठेवले तर ही फसवणूक पहिल्याच निरोपात ओळखता येते.

अशा प्रसंगी आणखी एकही रुपया भरू नये, व्यवहार क्रमांक, संदेश आणि शिलकीचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, बँकेला ताबडतोब कळवावे आणि 1930 या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी; बाळकुमच्या रहिवाशांना कापूरबावडी पोलीस ठाण्यात किंवा ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या सायबर पोलीस ठाण्यातही जाता येते. फसवणुकीची तक्रार वेळेत झाली तर रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता असते. मात्र परदेशी साइटवर जिंकलेली रक्कम मिळाली नाही म्हणून ती वसूल करून देणारी यंत्रणा या देशात नाही. बंद झालेल्या देशी मंचावर शिल्लक उरली असेल तर ती लेखी मागणी करून काढून घ्यावी, आणि नव्याने कोणत्याही साइटवर पैसे भरू नयेत, हाच आजच्या घडीला शहाणपणाचा मार्ग आहे.