मातीला धरून ठेवते कोण?

पावसाळ्यात वरणगाव परिसरात तापीचे पाणी चहासारखे दिसते. चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते आणि संगमाच्या खालच्या बाजूस थोड्याच अंतरावर हतनूरचे धरण आहे. ते १९८२ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात साचणारा गाळ ही या भागाची जुनी काळजी आहे.

‘सर, एवढी माती येते कुठून?’ वरणगावच्या एका वर्गात सहावीतल्या मुलीने मला विचारले. झाडे तोडली की धूप होते, हे पुस्तकी उत्तर मी प्रयोगाने दाखवणार होतो. दोन ट्रेमध्ये सारखीच माती, सारखाच उतार. एकात माती उघडी, तर दुसऱ्यात कडुलिंबाच्या डहाळ्या रोवून केलेले ‘जंगल’. झारीने पाणी घातले, तर दोन्ही पेल्यांत जवळजवळ सारखेच गढूळ पाणी! मुले हसली. ती मुलगी मात्र बाहेर गेली आणि ओंजळभर पालापाचोळा घेऊन आली. तो पसरून पुन्हा पाणी घातले, तेव्हा पेल्यात बरेच स्वच्छ पाणी उतरले.

असे का झाले? पावसाचा मोठा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर असतो. त्याच्या माऱ्याने ढेकळे फुटतात, सुटे कण छिद्रांत बसतात आणि पाणी मुरायचे थांबते. मग ते उतारावरून धावते आणि सुटलेली माती घेऊन जाते. उंच झाडाच्या पानांवरून ओघळणारे थेंबही पुन्हा वेग घेतात. म्हणून जमिनीलगतचे गवत, झुडपे आणि पाचोळा हेच मातीचे खरे पांघरूण. पाचोळा मारा झेलतो, गवत पाण्याचा वेग कमी करते आणि मुळे माती बांधून ठेवतात. सातपुड्याच्या उतारावर झाड उभे असले, पण खालचे गवत चरून किंवा वणव्यात संपले, तर जूनमधल्या पहिल्या सरींना माती उघडीच सापडते. पेरणीपूर्वीच्या शेतांचेही तेच.

वर्गात हा प्रयोग तीन ट्रे घेऊन करावा: उघडी माती, पाचोळा आणि दोन आठवडे आधी पेरलेले हाळीव. माती, उतार, पाणी आणि झारीची उंची सारखीच ठेवावी. काळी माती कोरडी असताना भेगाळते, म्हणून तिन्ही ट्रे आधी सारखे भिजवावेत. खाली आलेले पाणी मोजावे, गाळ निवू द्यावा, वाळवावा आणि तोलावा.

नंतर एक गणित द्यावे. एक हेक्टरवरून फक्त १ मिलिमीटर थर गेला तर किती माती गेली? १०,००० चौरस मीटर गुणिले ०.००१ मीटर, म्हणजे १० घनमीटर, सुमारे १३ टन! डोळ्यांना न दिसणारे हे नुकसान भरून यायला निसर्गाला अनेक वर्षे लागतात.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. तापी-पूर्णेच्या काठच्या खोल घळी दाखवून ‘हे वृक्षतोडीचे फळ’ असे सांगू नये. नद्यांनी आपलाच जुना गाळ हजारो वर्षे कापल्याने त्या मुळात तयार झाल्या आहेत. उघडे रान त्यांची वाढ वेगाने करते, एवढे म्हणता येते.

आणि प्रयोग फसला तर लपवू नये. माझ्या फसलेल्या ‘जंगला’नेच त्या वर्गाला सर्वांत जास्त शिकवले.