थ्री नॉट थ्रीचा बोल्ट आणि त्याची अवजारे

ली-एनफील्ड रायफलीचा बोल्ट बाहेरून एकसंध दिसतो. प्रत्यक्षात पुढचे बोल्ट हेड आट्यांवर बसवलेले असते, त्यात काडतूस ओढणारा एक्स्ट्रॅक्टर असतो, आणि पोकळ दांड्यातली फायरिंग पिन स्प्रिंगसह मागच्या कॉकिंग पीसमध्ये फिरवून घट्ट केलेली असते. ईशापूरला बनलेली आणि खडकीची काडतुसे झाडलेली हीच रायफल, म्हणजे 'थ्री नॉट थ्री', भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. त्यामुळे इथे हा बोल्ट उघडतो तो शस्त्रागारातला आर्मरर. ब्रिटन-अमेरिकेत मात्र संग्राहक हे काम घरीच करतात, आणि बोल्टची नासाडीही बहुधा तिथेच होते.

चेंबर व मॅगझिन रिकामे असल्याची खात्री करून बोल्ट काढला, की बोल्ट हेड हाताने फिरवून सुटते. मागचा लहान स्क्रू काढल्यावर पिनची पाळी येते. तिची कड दांड्याच्या आत खोल असल्याने पक्कड पोहोचत नाही. त्यासाठी लांब नळीसारखे खास अवजार लागते. त्याचे टोक पिनच्या कडेवरील खाचांत अडकते. इथे जुगाड नको. घसरलेले अवजार खाचा गोल करून टाकते.

दुसरी खरेदी स्क्रू ड्रायव्हरची. घरातल्या ड्रायव्हरचे पाते पाचरीसारखे निमुळते असते, म्हणून ते खाचेच्या वरच्या कडांवरच जोर देते आणि कडा फाटतात. बंदुकीच्या कामाच्या ड्रायव्हरचे पाते टोकाशी समांतर घासलेले असते. रुंदी आणि जाडी, दोन्ही खाचेत नेमकी बसली पाहिजेत. याउलट जर्मन माउझर ९८ च्या कारागिरांनी अवजाराची गरजच जवळपास संपवली: त्याची स्प्रिंग दाबायला दस्त्यात बसवलेली भोकाची चकती पुरते. रशियन मोसिन-नागां रायफलीचा बोल्टही हातानेच सुटतो. पण तिच्या लष्करी अवजारावर ७५ आणि ९५ अशा खाचा असतात. पिनचे टोक इंचाच्या हजाराव्या भागात किती बाहेर येते, ते त्या मोजतात.

सफाईत खरा शत्रू मीठ. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमधले पोटॅशियम क्लोरेट जळून पोटॅशियम क्लोराइड उरते. ते हवेतला ओलावा ओढते आणि तेलात विरघळत नाही. म्हणून नळी आणि बोल्टचा दर्शनी भाग आधी गरम पाण्याने धुवायचा, पूर्ण कोरडा करायचा आणि मगच तेलाची चिंदी फिरवायची. साठवणीचे घट्ट ग्रीस रॉकेलने निघते. सँडपेपर किंवा ड्रिलला लावलेला तारेचा ब्रश कशालाच लावू नये. लॉकिंग लगवरचा (बोल्ट बंद धरणाऱ्या खुंट्यांवरचा) धातू घासला गेला तर काडतुसाचा मागचा आधार सैल होतो. लगवर वंगणाचा पातळ थर पुरतो. पिनच्या पोकळीत मात्र जवळजवळ काहीच नको, कारण थंडीत तेल घट्ट झाले की पिनचा मार मंदावतो.

जोडताना बोल्टवरचा क्रमांक रायफलीच्या क्रमांकाशी जुळवावा. लग त्याच रायफलीला बसवलेले असतात. ली-एनफील्डच्या नंबर ४ रायफलीत बोल्ट हेडवर ० ते ३ असा आकडा असतो. क्रमांक वाढला की हेड किंचित लांब होते. झिजलेल्या रायफलीला कोणते हेड योग्य, हे डोळ्यांनी ठरत नाही. चेंबरमध्ये हेडस्पेस (काडतुसामागची मोकळीक) मोजणारे गेज घालून, बोल्ट हलक्या हाताने बंद करून ते ठरवतात.