परसातले पक्षी: दिसलं काय, वाटलं काय

तत्त्वज्ञानाचा माणूस पक्ष्यांवर काय बोलणार, असं काहींना वाटत असेल. मी पक्षितज्ज्ञ नाही. पण निवृत्तीनंतर रोज सकाळी तासभर घरामागच्या परसात खुर्ची टाकून बसतो. वर्गात आयुष्यभर जे शिकवलं, ते मला तिथं पुन्हा शिकावं लागलं. त्याची किंमत मात्र एका पिल्लानं मोजली.

जास्वंदीत लालबुड्या बुलबुलाचं घरटं होतं. एका सकाळी त्यातलं पिल्लू जमिनीवर दिसलं. आखूड शेपूट, उडता येत नाही, आईबाप आसपास नाहीत. मी ठरवून टाकलं, हे बिचारं टाकलेलं आहे! खोक्यात कापूस घालून त्याला ठेवलं, दूधपोळी भरवली. दुसऱ्या दिवशी ते मेलेलं होतं. पुढं कळलं, की बुलबुलाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात. काही दिवस झुडपात, जमिनीवर काढतात आणि आईबाप त्यांना तिथंच भरवतात. ते जवळ येत नव्हते, कारण मी तिथं उभा होतो.

न्यायदर्शनात प्रत्यक्ष आणि अनुमान ही वेगळी प्रमाणं आहेत. डोंगरावर धूर दिसला, हे प्रत्यक्ष. तिथं अग्नी आहे, हे अनुमान. आणि धूर समजलो ते धुकं निघालं, तर अनुमान कोसळतं. 'पिल्लू जमिनीवर आहे' हे मला दिसलं होतं. 'ते टाकलेलं आहे' हे वाटलं होतं. मी दोन्ही एकच धरलं.

तेव्हापासून वहीच्या पानावर मधोमध रेघ मारतो. डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. उदाहरणार्थ, डावीकडे: दयाळ नर खिडकीच्या काचेवर पुन्हापुन्हा चोच मारतो. उजवीकडे: त्याला आत यायचंय? की स्वतःचं प्रतिबिंब म्हणजे हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतो? काचेला बाहेरून वर्तमानपत्र चिकटवलं. चोच मारणं थांबलं. आता दुसऱ्या अनुमानाला थोडा आधार मिळाला.

सलीम अलींनी 1930 साली किहीमला सुगरणीच्या वसाहतीचं निरीक्षण केलं, तेही असंच धीरानं. घरटं म्हटलं की आपण एक नर, एक मादी असा संसार गृहीत धरतो. त्यांना दिसलं ते निराळं. नर अर्धवट घरटं विणतो, माद्या येऊन ते पारखतात. एखादीनं पसंत केलं की तो ते पुरं करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी नवं घरटं विणायला घेतो. आपलं गृहीत बाजूला ठेवल्याशिवाय हे दिसत नाही.

आता उपयोगाचं सांगतो. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू दिसलं, तर मांजर-कुत्रं आवरा, लांब जा आणि बघत राहा. पिसं न फुटलेलं असेल आणि घरटं सापडलं, तर अलगद परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही समजूत खरी नाही. जखमी असेल तर मात्र जाणकाराकडे न्या.

दया चांगलीच. पण ती करण्याआधी थोडं बघायला हवं. मी त्या सकाळी अर्धा तास मागं सरून बसलो असतो, तर बुलबुलानंच मला शिकवलं असतं.